आधी दाम, मग गाणे

१९९७ सालची गोष्ट. इंग्लंडमधील मॅरिलियन या बँडने नुकताच नवा अल्बम काढला होता आणि अमेरिकेतील चाहते दौऱ्याची वाट पाहत होते. बँडचे कीबोर्डवादक मार्क केली यांनी इंटरनेटवरून त्यांना खरे ते सांगून टाकले : दौरा होणार नाही. केला तर सुमारे ६०,००० डॉलरचा तोटा होईल आणि तो सोसण्यास कोणतीही रेकॉर्ड कंपनी तयार नाही.

यावर चाहत्यांनी जे केले ते तोवर कोणाला फारसे सुचले नव्हते. तोट्याची रक्कम आपणच गोळा करावी, असे त्यांनी परस्पर ठरवले. बँडने मागणी केली नव्हती. पैसे गोळा करण्यात त्याचा हातही नव्हता. एका चाहत्याने बँकेत स्वतंत्र खाते उघडले, ठिकठिकाणांहून दहा-वीस-पन्नास डॉलर येत गेले, आणि सुमारे ६०,००० डॉलर जमले. त्याच वर्षी मॅरिलियन अमेरिकेत वाजवून आला.

आज एखाद्या आवडत्या बँडच्या अजून न झालेल्या गाण्यासाठी मोबाइलवरून आगाऊ पैसे भरणे कोणालाही नवलाचे वाटत नाही. गाणे तयार झाले की दुवा येतो, फाइल उतरते, व्यवहार संपतो. परंतु पैसे भरण्याचा दिवस आणि गाणे हाती येण्याचा दिवस यांच्यामध्ये काही महिने जातात, कधी वर्षही जाते. त्या मधल्या काळात तो पैसा कोणाच्या हाती असतो? या धाग्यात त्याच पैशाचा माग काढायचा आहे. वाट व्हिएन्नाहून जाते, बर्लिनहून जाते आणि लंडनच्या एका न्यायालयापाशीही थांबते.

प्रथम मॅरिलियनची थोडी ओळख. १९७९ साली एल्सबरी या गावात हा बँड सुरू झाला. १९८५ मध्ये त्यांचे ‘केली’ हे गाणे ब्रिटिश यादीत दुसऱ्या क्रमांकावर आणि ज्या अल्बममध्ये ते होते तो पहिल्या क्रमांकावर पोहोचला. पुढे फिश या नावाने गाणारा मूळ गायक १९८८ मध्ये बाहेर पडला, स्टीव्ह होगार्थ आला, आणि हळूहळू प्रसिद्धीचा झोत दुसरीकडे वळला. १९९५ नंतर ईएमआय या बलाढ्य कंपनीशी असलेले नाते संपले. बँडकडे उरले ते थोडके पण कमालीचे निष्ठावान श्रोते. वृत्तपत्रांच्या लेखी हा बँड इतिहासजमा झाला होता.

रेकॉर्ड कंपनीशी नाते संपणे म्हणजे नेमके काय संपणे, हे कळण्यासाठी मराठी वाचकाला फार लांब जावे लागत नाही. ‘उचल’ हा शब्द आपल्याकडे ऊसतोड कामगारांच्या आणि तमाशाच्या फडांच्या जगात रोजच्या वापरातला आहे. हंगामाआधी रक्कम घ्यायची आणि हंगामभर राबून ती फेडायची. रेकॉर्ड कंपनीचा करार तत्त्वतः हाच असे. कंपनी बँडला उचल देई. त्यातून स्टुडिओचे भाडे आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च निघे. मग विक्रीतील बँडच्या वाट्यातून ती उचल वळती होई. फरक एवढाच की उचल पूर्ण फिटली तरी मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी बहुधा कंपनीकडेच राही. गाणे गाणाऱ्याचे, पण त्याची मूळ फीत सावकाराची.

चाहत्यांनी १९९७ मध्ये या सावकाराला वळसा घातला. ही कल्पना मात्र इंटरनेटने जन्माला घातली, असा समज असेल तर तो सोडावा लागेल. तिचा एक जुना आणि ठळक अध्याय अठराव्या शतकातील व्हिएन्नामध्ये घडला आहे, आणि त्यातील एक नायक या बाबतीत चांगलाच अपयशी ठरला होता.

१५ जानेवारी १७८३ च्या ‘वीनर त्सायटुंग’ या वृत्तपत्रात एक जाहिरात आली. वोल्फगांग मोझार्ट यांनी तीन नवे पियानो कॉन्चेर्टो रचले असून त्यांच्या हस्तलिखित प्रती वर्गणीदारांना एप्रिलमध्ये मिळतील; वर्गणी चार डुकाट. मोझार्ट तेव्हा सत्तावीस वर्षांचा होऊ घातला होता. नोकरी सोडलेली, नुकताच विवाह झालेला. वर्गणी भराभर येईल या भरवशावर त्याने कर्जही काढले होते. वर्गणी आली, पण रेंगाळत. फेब्रुवारीच्या मध्यावर कर्जाची मुदत भरली आणि त्याला एका बॅरोनेसकडे काकुळतीने मदत मागावी लागली. वर्गणी इतकी सावकाश येणार हे ठाऊक असते तर कर्ज जास्त मुदतीचे घेतले असते, असे त्याने त्या पत्रात कबूल केले आहे. ते तीन कॉन्चेर्टो अखेर १७८५ मध्ये आर्टारिया या प्रकाशनसंस्थेने छापले.

दरम्यान १७८४ च्या मार्चमध्ये त्याच शहरात त्याच मोझार्टने तीन मैफलींसाठी वर्गणीदार जमवले, आणि ते पावणेदोनशेच्या आसपास झाले. वडिलांना पाठवलेल्या पत्रात त्याने सगळ्या नावांची यादीच उतरवून दिली; इतर दोन कलावंतांच्या एकत्रित वर्गणीदारांपेक्षा आपले तीस जास्त आहेत, हेही अभिमानाने सांगितले. तीन आठवड्यांत होणाऱ्या मैफलीसाठी लोक आनंदाने पैसे देत होते. कागदावरच्या, पुढे केव्हातरी येणाऱ्या संगीतासाठी मात्र त्यांचा हात आखडत होता. अंतर जितके लांब तितका भरवसा पातळ, हा हिशेब तेव्हाही लागू होता.

मोझार्टने आणखी एकदा प्रयत्न केला. एप्रिल १७८८ मध्ये तीन स्ट्रिंग क्विंटेटची जाहिरात झाली. किंमत पुन्हा चार डुकाट. वर्गणीची जबाबदारी होती मिखाएल पुखबेर्ग या व्यापारी मित्राकडे. जुलैमध्ये प्रती मिळायच्या होत्या. २५ जून रोजी दुसरी जाहिरात आली : वर्गणीदारांची संख्या फारच कमी असल्याने प्रकाशन १ जानेवारी १७८९ पर्यंत पुढे ढकलले आहे. त्या प्रती त्या योजनेतून कधीच आल्या नाहीत. त्याच वर्षी मोझार्टने ज्या मित्राला उसनवारीची व्याकूळ पत्रे लिहिण्यास सुरुवात केली, तो मित्रही पुखबेर्गच. आज ज्या संगीताची गणना युरोपच्या सर्वोत्तम कक्षसंगीतात होते, त्याला त्या उन्हाळ्यात पुरेसे गिऱ्हाईक मिळाले नाही!

ज्याला हे जमले त्याचे नाव बेटोफेन. १७९५ साली त्याने आपल्या पहिल्या क्रमांकाच्या रचना, म्हणजे तीन पियानो ट्रिओ, वर्गणीने प्रकाशित केल्या. प्रकाशक तोच, आर्टारिया. छापील यादीत १२३ वर्गणीदारांची नावे आहेत आणि त्यांनी मिळून २४१ प्रती मागवल्या होत्या. प्रत्येक प्रतीला वर्गणीदार एक डुकाट देई, म्हणजे साडेचार फ्लोरिनच्या आसपास. बेटोफेन प्रकाशकाकडून ती प्रत एका फ्लोरिनला घेई. चोवीस वर्षांच्या, व्हिएन्नामध्ये नवख्या असलेल्या संगीतकाराला त्यातून बरीच मोठी रक्कम मिळाली. परंतु यादीकडे नीट पाहावे. ती बहुतांशी सरदार-उमरावांची आहे. बेटोफेनला यश आले ते त्याच्यामागे उभ्या असलेल्या घराण्यांमुळे. वर्गणीच्या नावाखाली जुना राजाश्रयच थोड्या तुकड्यांत विभागून आला होता.

यादीत नाव छापून येणे हा व्यवहाराचाच भाग होता, हे विसरू नये. एकोणिसाव्या शतकातील मराठी पुस्तकांतही आश्रयदात्यांची नावे छापण्याची प्रथा होती आणि मासिकांची वर्गणी ‘आगाऊ’ पाठवण्याच्या सूचना असत. पैसे देणाऱ्याला वस्तूखेरीज साक्षीदाराचा मान हवा असतो. ही यादी दोन शतकांनी पुन्हा भेटणार आहे.

व्हिएन्ना सोडण्यापूर्वी बेटोफेनचे दुसरे रूपही पाहिले पाहिजे. ‘मिस्सा सोलेम्निस’ ही त्याची भव्य धार्मिक रचना मार्च १८२० मधील एका समारंभासाठी ठरली होती. ती पूर्ण झाली १८२३ मध्ये. दरम्यान त्याने ती एकाच वेळी अनेक प्रकाशकांना देऊ केली. बॉन येथील झिमरॉक यांच्याशी मानधन ठरले आणि फ्रँकफुर्टचे व्यापारी फ्रान्त्स ब्रेंटानो यांच्यामार्फत बेटोफेनने त्यापोटी रक्कम आधीच उचलली. झिमरॉक यांना ती रचना कधीच मिळाली नाही. ती अखेर शॉट यांच्याकडे गेली. शिवाय १८२३ मध्ये युरोपभरच्या राजदरबारांना हस्तलिखित प्रतीची वर्गणी मागणारी पत्रे गेली. किंमत पन्नास डुकाट. वर्गणीदार मिळाले दहा. त्यात रशियाचा झार होता, प्रशियाचा आणि फ्रान्सचा राजा होता. गटे यांनाही, वायमारच्या दरबारात शब्द टाकावा म्हणून, पत्र गेले होते. त्यांनी उत्तर दिले नाही.

थोर कलावंत हा थोर देणेकरी असतोच असे नाही, एवढे या प्रकरणातून नक्की म्हणता येते. पैसा मध्यस्थाकडे असणे आणि मध्यस्थाने तो वेळेआधी हातातून सोडणे, यांत किती अंतर आहे हेही येथे दिसते.

आता पुन्हा इंग्लंडकडे. अमेरिकेच्या दौऱ्याने मॅरिलियनला एक गोष्ट कळली होती : श्रोते कमी असले तरी ते कुठे आहेत हे माहीत आहे आणि त्यांच्यापर्यंत थेट पोहोचता येते. नव्या शतकाच्या आरंभी व्यवस्थापकापासून वेगळे झाल्यावर बँडने सुमारे ६,००० चाहत्यांना ई-पत्र पाठवून विचारले : अजून ध्वनिमुद्रित न झालेल्या अल्बमचे पैसे तुम्ही आत्ताच द्याल का? उत्तर म्हणून १२,००० हून अधिक आगाऊ नोंदण्या आल्या. त्या पैशातून ‘ॲनोरॅक्नोफोबिया’ हा अल्बम तयार झाला आणि २००१ मध्ये बाहेर आला.

नावातही थट्टा होती. इंग्लंडमध्ये ‘ॲनोरॅक’ म्हणजे पावसाळी कोट, आणि बोलीभाषेत एखाद्या विषयाचे अतोनात वेड घेतलेला, काहीसा हास्यास्पद माणूस. बँडने आपल्या चाहत्यांची ती टवाळी उचलून शीर्षकात मिरवली.

पुढचा भाग अधिक मजेचा आहे. ध्वनिमुद्रणाचा खर्च आधीच भागलेला असल्यामुळे बँड वितरणाच्या बोलणीसाठी गेला तो थेट जुन्या ईएमआयकडेच. पण या वेळी उचल मागायला नव्हे. अल्बम दुकानांत पोहोचवण्याचे काम कंपनीने करायचे आणि संगीताचे हक्क बँडकडे राहायचे, असा करार झाला. उचल घेतली नाही की वाटाघाटीतला सूर किती बदलतो, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण. आधी पैसे देणाऱ्या चाहत्यांची नावे विशेष आवृत्तीत छापली गेली. बेटोफेनच्या यादीत सरदार होते. या यादीत कारकून, शिक्षक, संगणकाचे अभियंते असे कोणीही असू शकत होते. १२३ नावांच्या जागी हजारो नावे आली होती.

२००४ च्या ‘मार्बल्स’साठी हाच मार्ग अवलंबला गेला. या वेळी आगाऊ पैशाचा उपयोग प्रसिद्धीसाठीही केला गेला आणि त्यातील एक गाणे ब्रिटिश यादीत सातव्या क्रमांकावर चढले. ज्यांना वृत्तपत्रांनी विसरून टाकले होते, त्यांना त्यांच्याच वर्गणीदारांनी पुन्हा यादीत नेऊन बसवले.

परंतु मॅरिलियनचे चाहते शेवटी एका वस्तूची, तबकडीची, वाट पाहत होते. ज्याला आज डिजिटल वर्गणी म्हणता येईल, म्हणजे आधी पैसे भरायचे आणि मग महिन्यामागून महिने संगीत थेट संगणकावर उतरत जायचे, त्याचा एक धाडसी प्रयोग बर्लिनमध्ये झाला.

आइनस्ट्युर्त्सेंडे नॉयबाउटेन. नावाचा अर्थ ‘कोसळणाऱ्या नव्या इमारती’. १९८० मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये सुरू झालेला हा बँड लोखंडी पत्रे, ड्रिल यंत्रे, स्प्रिंगा, भंगारातले पाइप यांतून संगीत काढण्यासाठी ओळखला जातो. प्रमुख गायक ब्लिक्सा बार्गेल्ड. जर्मनमध्ये ‘बार्गेल्ड’ म्हणजे रोख रक्कम. नाव अर्थातच रंगमंचासाठी घेतलेले, एका दादावादी चित्रकाराच्या टोपणनावावरून. आगाऊ रोकड गोळा करण्याच्या इतिहासात हे नाव असावे, हा योगायोग कोणत्याही कादंबरीकाराने टाळला असता.

२००२ मध्ये बार्गेल्ड आणि त्यांची पत्नी एरिन झू यांनी समर्थकांचा प्रकल्प सुरू केला. कल्पना सरळ होती. श्रोत्यांनी ठरावीक रक्कम आधी भरायची. त्याबदल्यात बँड स्टुडिओत काम करत असताना तेथील चित्र आणि आवाज थेट इंटरनेटवर दिसणार. समर्थकांनी पाहायचे, ऐकायचे, मत द्यायचे. आणि शेवटी फक्त त्यांच्यासाठी काढलेला अल्बम त्यांना मिळणार. त्या काळी इंटरनेटचा वेग आजच्या तुलनेत अगदीच मंद होता. चित्र अडखळे, आवाज तुटे. तरीही जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून लोक रात्री जागून, एखादा माणूस लोखंडी पट्टीवर वेगवेगळ्या काठ्या मारून आवाज कसा शोधतो, हे पाहत बसत. २००३ मध्ये समर्थकांचा पहिला अल्बम निघाला. त्यांना विकत मिळालेली गोष्ट गाण्याहून अधिक होती : गाणे होण्याआधीचा वेळ.

दुसऱ्या टप्प्यात तर समर्थक स्वतः गायले. बर्लिनमधील ‘पालास्ट डेर रेपुब्लिक’ ही जुन्या पूर्व जर्मनीची संसद असलेली इमारत तेव्हा आतून पूर्ण उघडीबोडकी झाली होती. ॲस्बेस्टॉस काढताना उरला होता फक्त सांगाडा. नोव्हेंबर २००४ मध्ये बँडने तेथे कार्यक्रम केला, आणि त्यात समर्थकांतूनच उभा राहिलेला सुमारे शंभर जणांचा गायकवृंद होता. ‘कोसळणाऱ्या नव्या इमारती’ एका पाडल्या जाणाऱ्या इमारतीत, आपल्याच वर्गणीदारांसोबत! २००५ चा ‘ग्रुंडश्ट्युक’ हा समर्थकांचा अल्बम या काळातला. इमारत पुढे २००६ ते २००८ या काळात पाडली गेली.

तिसऱ्या टप्प्यात व्यवहार पूर्णतः डिजिटल झाला. समर्थकांना दर महिन्याला एक नवे गाणे उतरवून घेता येऊ लागले. ही गाणी बँडने पत्त्यांच्या साहाय्याने रचली : प्रत्येक वादकाने सूचनांचे पत्ते ओढायचे आणि त्यावर जे निघेल त्यातून वाट काढायची. पुढे २००८ मध्ये ती ‘द ज्युएल्स’ या नावाने एकत्र आली. शिवाय २००७ मध्ये ‘आलेस वीडर ऑफेन’ हा अल्बम समर्थकांच्या पैशातून, कोणत्याही रेकॉर्ड कंपनीच्या आधाराविना, बाहेर पडला.

येथे पैशाची व्यवस्था बारकाईने पाहण्याजोगी आहे. मध्यस्थ संस्था नव्हती. पैसा थेट बँडकडे जात होता, म्हणजे जोखीम सर्वाधिक होती. परंतु दर काही दिवसांनी स्टुडिओचा कॅमेरा सुरू होत असे आणि पैशाचे काय होत आहे ते डोळ्यांना दिसत असे. मोझार्टच्या वर्गणीदाराला जानेवारी ते एप्रिल काहीच दिसत नव्हते. बर्लिनमध्ये वाट पाहण्याच्या काळालाच खिडकी बसवली गेली.

याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये आर्टिस्टशेअर ही संस्था अशा व्यवहारांना कायमचे व्यासपीठ देत होती. संगीतकार मारिया श्नायडर यांचा ‘कॉन्सर्ट इन द गार्डन’ हा जॅझ अल्बम श्रोत्यांच्या आगाऊ पैशातून झाला, दुकानांत विक्रीला न ठेवता इंटरनेटवरूनच विकला गेला, आणि २००५ मध्ये त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. दुकानात न मिळणाऱ्या अल्बमला ग्रॅमी मिळण्याची ही पहिली वेळ.

एक गल्लत येथे टाळावी. २००७ मध्ये रेडिओहेड या बँडने ‘इन रेनबोज’ हा अल्बम ‘हवे तेवढे पैसे द्या’ म्हणून इंटरनेटवर ठेवला, आणि या विषयावरील चर्चेत त्याचे नाव हमखास येते. परंतु तो अल्बम तयार होता. श्रोता किंमत ठरवत होता, जोखीम घेत नव्हता. आगाऊ पैशाचा प्रश्न वस्तू अस्तित्वात येण्यापूर्वीचा आहे.

२००९ मध्ये किकस्टार्टर सुरू झाले आणि त्याने एक जुना नियम नव्याने घातला : ठरावीक मुदतीत ठरावीक रक्कम जमली नाही तर कोणाच्याही खात्यातून पैसे जाणार नाहीत. पुखबेर्गकडे वर्गणीदार कमी पडले तेव्हा मोझार्टला जाहिरात देऊन तारीख पुढे ढकलावी लागली होती; येथे ते काम यंत्रणाच करू लागली. २०१२ मध्ये अमांडा पामर या गायिकेने एक लाख डॉलरचे लक्ष्य ठेवले आणि २४,८८३ जणांकडून ११,९२,७९३ डॉलर मिळवले. काही महिन्यांतच तिच्यावर टीका झाली, कारण दौऱ्यात ठिकठिकाणच्या वादकांना तिने मानधनाशिवाय वाजवण्याचे आवाहन केले होते. पुढे तिने त्यांना मानधन दिले. हजारो लोकांनी पैसे दिले की हजारो लोक हिशेब विचारतात. एका कंपनीला उत्तर देण्यापेक्षा हे सोपे असते, असे कोणी समजू नये.

मात्र किकस्टार्टरचा नियम एवढ्यापुरताच होता. लक्ष्य गाठले की पैसा कलावंताच्या हाती. त्यानंतर वस्तू मिळणे न मिळणे हे त्याच्या शब्दावर.

याच वर्षी, २००९ मध्ये, ब्रिटनमध्ये प्लेजम्युझिक ही फक्त संगीतासाठी वाहिलेली संस्था सुरू झाली. श्रोत्याने तिच्याकडे पैसे भरायचे, संस्थेने १५ टक्के वाटा ठेवून उरलेली रक्कम कलावंताला टप्प्याटप्प्याने द्यायची, आणि अल्बम झाला की श्रोत्याला डिजिटल प्रत मिळायची. शिवाय मधल्या काळात स्टुडिओतील बातम्या, चित्रफिती. नॉयबाउटेनची खिडकी आणि मॅरिलियनची आगाऊ नोंदणी यांचे हे तयार दुकान होते. खुद्द मॅरिलियननेही ‘एफ. ई. ए. आर.’ या अल्बमसाठी तेच निवडले. २०१६ मध्ये तो ब्रिटिश यादीत चौथ्या क्रमांकावर गेला. १९८७ नंतरचे त्यांचे ते सर्वोच्च स्थान. ज्यांनी ही वाट पाडली तेच आता तिच्यावरच्या टोलनाक्यातून जात होते.

२०१८ च्या मध्यापासून कलावंतांना त्यांच्या रकमा वेळेवर मिळेनाशा झाल्या. प्रथम दिलगिरी आली, मग आश्वासने आली. २०१९ च्या आरंभी संस्थेने नव्या वर्गण्या घेणे थांबवले. श्रोत्यांनी भरलेला पैसा कलावंतांच्या नावे वेगळा राखून ठेवलेला नव्हता, तो संस्थेच्या चालू खर्चात मिसळला होता, हे तोवर उघड झाले होते. जुलै २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने संस्था गुंडाळण्याचा आदेश दिला.

नुकसान कोणाचे झाले हे येथे नेमके पाहिले पाहिजे. श्रोत्याने दहा-पंधरा पौंड गमावले. पण एखाद्या छोट्या बँडने त्या रकमेच्या भरवशावर स्टुडिओचे भाडे, ध्वनिमुद्रकाचे मानधन, छपाईचा खर्च आधीच अंगावर घेतला होता. शिवाय श्रोत्याने शब्द घेतला होता तो बँडचा, संस्थेचा नव्हे. त्यामुळे अनेक कलावंतांनी एक पैसाही हाती न येता, पदरमोड करून श्रोत्यांना अल्बम पाठवले. काहींना ते शक्य झाले नाही. न्यायालयाच्या यादीत हे कलावंत साधे, विनातारण घेणेकरी होते; आणि बुडालेल्या संस्थेच्या मालमत्तेत असे घेणेकरी रांगेच्या शेवटी उभे असतात.

मोझार्टने वर्गणीच्या आशेवर कर्ज काढले ते आपल्या हिमतीवर. २०१९ मधल्या बँडांपुढे वर्गणी प्रत्यक्ष जमा झालेली होती, पडद्यावर टक्केवारीचा आकडा शंभराच्या पुढे गेलेला दिसत होता, आणि तरीही तिजोरी रिकामी होती. ही फसगत अठराव्या शतकाच्या व्हिएन्नामध्ये शक्यच नव्हती, कारण तेथे पुखबेर्ग हा एक माणूस होता, त्याचा पत्ता जाहिरातीत छापलेला होता आणि त्याच्या दाराशी जाऊन उभे राहता येत होते. इंटरनेटने रेकॉर्ड कंपनीला मधून काढले आणि तिच्या जागी एक असा खजिनदार बसवला ज्याच्या वहीत डोकावण्याचा हक्क कोणालाच नव्हता. गावातल्या गणेशोत्सव मंडळालाही जमाखर्च फलकावर लावावा लागतो.

त्यानंतर अनेक बँडांनी आगाऊ नोंदणी पुन्हा आपल्याच संकेतस्थळावर आणली. काही जण पेट्रिऑनसारख्या मासिक वर्गणीकडे वळले. त्यात रक्कम थोडी थोडी जाते आणि मन उठले की थांबवता येते. नॉयबाउटेनचा २०२० चा ‘आलेस इन आलेम’ हा अल्बम या मार्गाने झाला.

आणि मॅरिलियन? २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांना ब्रिटनचा दौरा करायचा होता. कोरोनाची साथ पुरती ओसरली नव्हती. ताफ्यातील एकाला जरी लागण झाली तरी दौरा रद्द होणार, आणि त्या नुकसानीचा विमा उतरवायला कोणी तयार नव्हते. बस, प्रकाशयोजना, कामगार यांचे पैसे मात्र भरावेच लागणार होते. २४ वर्षांनी बँड पुन्हा तोट्याच्या त्याच हिशेबापाशी येऊन उभा राहिला, आणि त्याने चाहत्यांनाच विमा कंपनी होण्याची विनंती केली.

अट अशी होती : चाहत्यांनी दिलेला पैसा बँडच्या खात्यात जाणार नाही. तो तिऱ्हाइताकडे, स्वतंत्र ठेव म्हणून राहील. दौरा साथीमुळे मोडला तरच त्याला हात लागेल. नाही मोडला तर ज्याचे त्याला परत.

दौरा ठरल्याप्रमाणे पार पडला. पैसे परत गेले.